आत एक

१

ठक्. मग कुणीतरी लांब श्वास सोडल्यासारखं स्स. मग ठप.

हा आवाज मी ऐकला त्याला बावीस वर्षं झाली. तरी दुपारी जेवून जरा आडवा झालो की तो कानात येतो आणि मी उठून बसतो. घरची विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही, दार वाजलं." ती म्हणते, "आपलं दार असं वाजत नाही."

खरं आहे. आमचं दार करकरतं.

मी दाराशी बसायचो, तीच माझी नोकरी. शिक्षण चौथीपर्यंत. आकडे वाचता येतात, अक्षरं सावकाश वाचतो. इमारत मोठी होती आणि तिच्यात लोकांची माहिती ठेवलेली असायची. दवाखान्यांची, शाळांची, कोर्टाची. कुणाला काय आजार, कोण कुठे राहतं, कुणी कुणाविरुद्ध तक्रार केली, सगळं यंत्रांत. ती यंत्रं एका लांबलचक थंड खोलीत रांगेनं उभी होती.

त्या खोलीला एकामागे एक अशी दोन दारं होती. मध्ये एकच माणूस उभा राहील एवढी जागा. कार्ड लावलं की पहिलं दार उघडायचं, माणूस मधे शिरायचा, दार मागे लागायचं, ठक्. आतली थंड हवा सुटायची, स्स. मग दुसऱ्या दारातून तो आत जायचा आणि ते लागायचं, ठप. बाहेर येताना हेच उलटं. एका कार्डावर एकच माणूस. कुणासाठी दार धरून ठेवायचं नाही, सख्खा भाऊ असला तरी. दारावर एक काळा बोर्ड होता, त्यावर लाल आकडा, आत किती माणसं आहेत त्याचा.

तो आकडा शोभेचा नव्हता. त्या खोलीत आग लागली तर पाणी चालत नाही. म्हणून छताला नळ्या होत्या, नळ्यांत वायू. धूर झाला की घंटा, मग तीस मोजायला लागतात तेवढा वेळ, मग वायू. तो आगीची हवा खाऊन टाकतो. माणसाचीही खातो. म्हणून बोर्डवर शून्य असलं तरच तो आपोआप सुटायचा. आत एक जरी माणूस असला तरी तो अडून राहायचा. मी माझ्या टेबलावरची किल्ली फिरवून 'खोली रिकामी आहे' असं सांगेपर्यंत.

साहेब म्हणायचे, "माणूस खोटं बोलतो. नोंद बोलत नाही."

तेरा वर्षं मला हे पटत होतं.

२

आत सगळ्यात जास्त जायची ती तारवाली. तिला खरं नाव होतं, पण गळ्यात कायम तारांची भेंडोळी असायची, म्हणून मी तिला तारवाली म्हणायचो. ती मला काका म्हणायची.

एकदा बोर्ड बंद पडला होता, तेव्हा तिनं एक सवय लावून घेतली. आत जाताना म्हणायची, "काका, एक." बाहेर आली की, "काका, शून्य." बोर्ड दुरुस्त झाला, सवय राहिली. मीही एक वही केली. ती एक म्हणाली की एक लिहायचो. शून्य मात्र तिनं म्हटल्याशिवाय मी लिहीत नसे. बोर्डवर आलं तरी नाही.

"काका, शून्य लिहिताना तुमचा हात किती छान वळतो हो."

"शाळेत सराव झालाय. मास्तर रोज द्यायचे."

आत गारठा असायचा. माझा एक तपकिरी स्वेटर होता, घरचीनं विणलेला. कोपर फाटलं तेव्हा तिच्याकडे तपकिरी लोकर नव्हती, म्हणून हिरवी लावली. तो मी दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवायचो. आत जाईल त्यानं घालावा. बहुतेक वेळा तारवालीच घालायची. बाह्या तिच्या बोटांच्याही पुढे यायच्या.

"काकूंना सांगा, पुढच्या वेळी माप माझं घ्या."

"मग मी काय घालू?"

"तुम्हाला कशाला? तुम्ही तर बाहेर बसून राज्य करता."

३

त्या दिवशी जुनी यंत्रं काढून नवी बसवायची होती. सामान मधल्या जागेतून जात नाही. त्यासाठी बाजूला एक माल-दार होतं. त्याला कार्ड नव्हतं, किल्ली होती, आणि ती माझ्याकडे. त्या दारानं जाणाऱ्याची मोजणी होत नसे. नियम असा की गाडा माल-दारातून आत ढकलायचा आणि माणसानं वळसा घालून दोन दारांनीच जायचं. कुणी चुकून माल-दारानं आत गेलंच, तर टेबलाखालचं पांढरं बटण मी एकदा दाबायचं. मग बोर्डवर एक.

तिच्या तीन खेपा झाल्या होत्या. चौथ्या खेपेला तिचा घाम पुसून पुसून रुमाल ओला झाला होता. गाडा अर्धा आत गेला आणि ती दारांकडे वळायला निघाली. मीच म्हणालो, "जा गं तशीच. कशाला वळसा? मी मोजतो."

"नक्की? काका, एक धरा हां."

"धरला."

तिनं स्वेटर चढवला, कानावर ती जाड झाकणं लावली, कारण आत यंत्रांचा आवाज फार असतो, आणि गाड्यामागून आत गेली. मी दार लावलं. बटणाकडे हात नेला आणि फोन वाजला.

घरचीचा होता. डब्यात चमचा द्यायला विसरले, म्हणाली. मग म्हणाली, जेवलात का. मी म्हणालो, जेवलो, हातानं. असंच काहीतरी. नवराबायकोचं बोलणं असतं तसं.

घंटा झाली तेव्हा फोन माझ्या कानालाच होता. मी मान वर करून बोर्ड बघितला. शून्य.

मला हायसं वाटलं. हे मी लपवणार नाही. पाच मिनिटांपूर्वी याच डोळ्यांनी मी तिला आत सोडलं होतं. पण आकडा बघितला आणि डोळ्यांनी बघितलेलं पुसून गेलं. मी घरचीला म्हणालो, "थांब जरा, इथे घंटा वाजतेय." आणि मनात तीस मोजत बसलो. मोजायची सवय.

सत्तावीसला मला आठवलं.

४

तिला माल-दारानंच बाहेर आणलं. दोन दारांतून झोपलेला माणूस येत नाही.

संध्याकाळी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर एक छापलेला कागद होता. त्यांनी तो मला वाचून दाखवला, सावकाश, मला कळेल असा. तीन बारा, कर्मचारी दोन दारांतून आत. बोर्डवर एक. तीन वीस, घंटा. वायू अडवला. तीन एकवीस, वायू सोडायची आतली हाताची कळ कर्मचाऱ्यानं स्वतः दाबली.

"असं झालं नाही, साहेब."

"नोंदीत असंच आहे."

"नोंदीत असं नव्हतं."

ते बराच वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत बसले. मग म्हणाले, "काका, दार कुणी धरलं? तुम्ही. बटण कुणी दाबलं नाही? तुम्ही. हे बाहेर गेलं तर तुम्ही तुरुंगात जाल. माल-दाराला मोजणीच नाही हे बाहेर गेलं तर इथे कुलूप लागेल. दोनशे माणसं रस्त्यावर येतील. मी तुम्हाला वाचवतोय."

"आणि तिला?"

"तिला आता काय करायचंय?"

साक्षीदार म्हणून खाली माझी सही हवी होती. मी केली. माझी सही मोठी असते, नवशिक्याची, जागेबाहेर जाते. त्यानंतर मी तोंडात मिठाची गुळणी धरली. घरचीलासुद्धा सांगितलं नाही की तिचा फोन चालू होता तेव्हाच ते झालं.

वहीत त्या दिवशी मी काहीच लिहिलं नव्हतं. ती ओळ कोरी राहिली. साहेबांना वही आठवली नाही.

५

अकरा दिवस झाले. खिळा रिकामा होता. दुपारची वेळ, आत कुणी नव्हतं, मी वर्तमानपत्रातली चित्रं बघत होतो.

ठक्. स्स. ठप.

मी मान वर केली. दारांसमोर कुणी नाही. बोर्डवर एक.

मला वाटलं, डुलकी लागली आणि कुणीतरी माझ्यासमोरून आत गेलं. उठलो, काचेतून बघितलं. रांगा. निळे दिवे. मी माझं कार्ड लावून आत गेलो, बोर्डवर दोन झाले. सगळ्या रांगा फिरलो. मोठ्यानं विचारलं, "कोण आहे?" यंत्रांच्या घोंघाटात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. बाहेर आलो. बोर्डवर एक.

घड्याळात तीन वाजून चौदा मिनिटं झाली होती.

साहेबांनी आकडा हातानं शून्य केला. दुसऱ्या दिवशी तीन बाराला पुन्हा ठक्, स्स, ठप.

बोर्ड बदलला. मग दारांच्या आतले, माणसं मोजणारे डोळे बदलले. मिस्त्री समजूतदार होता, त्यानं सगळं उघडून बघितलं आणि हसला. "काका, बोर्डात खोट नाही. तुमच्या नोंदीत त्या दिवशी आत गेल्याची ओळ आहे, बाहेर आल्याची नाही. यंत्राला काय कळतंय? त्याच्या लेखी बाई आतच आहेत."

मला खूप बरं वाटलं. कारण सापडलं की माणसाला बरं वाटतं. मी तर त्याला चहा पाजला.

"पण मग आवाज?" मी विचारलं.

"कसला आवाज?"

६

साहेबांनी नोंदीत एक ओळ वाढवली. तीन चाळीस, कर्मचारी दोन दारांतून बाहेर.

म्हणजे कागदावर ती मेल्यानंतर चालत बाहेर आली. मी हे साहेबांना म्हणालो नाही. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे कोण वाचतंय?"

त्या दिवशी तीन बारा वाजले, काही झालं नाही. सव्वातीन. साडेतीन. मी वर्तमानपत्र उघडलं.

तीन चाळीसला दारामागे पावलं वाजली. आतून. दाराशी येऊन थांबली. ती दारं जाड आहेत, त्यांतून पावलं ऐकू येत नाहीत, तेरा वर्षांत कधी आली नव्हती. मी बोर्डकडे बघत राहिलो. दार उघडलं नाही. कुणीतरी बाहेर येण्याची वाट बघावी, तसं ते दार वाट बघत होतं. मग पावलं मागे गेली, आणि बोर्डवर एक आला.

तेव्हापासून तो एक गेलाच नाही. साहेबांनी कितीही वेळा पुसला तरी तासाभरात परत यायचा. इतर लोक म्हणायचे, बोर्ड बिघडलाय. आत जाता येता त्यांनी वजाबाकी करायची सवय लावून घेतली. तीन असले की दोन समजायचे. माणसाला कशाचीही सवय होते.

माझी झोप मात्र गेली. पडलो की वाटायचं, ती नक्की कशाची वाट बघतेय? दार तर कार्डानं उघडतं. कार्ड तिच्याकडे होतं. मग ती बाहेर का येत नव्हती?

७

वर्षातून एकदा वायूची चाचणी घ्यावी लागते, कायद्यानं. सरकारी तपासनीस येतो, खोली रिकामी करतात आणि वायू सोडून बघतात. त्या वर्षी ती तीन वाजता ठरली.

त्याच दुपारी तिची आई आली. मेलेल्या माणसाची नोंद बघण्याचा घरच्यांना हक्क असतो. तिनं अर्ज केला होता, पत्र मिळालं होतं. साहेबांनी कागद तिच्या हातात दिला आणि माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसवलं. ठेंगणी बाई. मान जराशी डावीकडे कललेली, लेकीसारखी. मांडीवर पिशवी.

तिनं कागद तीनदा वाचला. मग मला म्हणाली, "भाऊ, खाली सही कुणाची?"

"माझी."

"तुम्ही काका का?"

मी मान हलवली.

"तुमचं फार सांगायची. जेवताना सुद्धा काका असं म्हणाले, काका तसं म्हणाले. मी म्हणायचे, अगं घास गीळ आधी." ती हसली आणि थांबली. "लोक म्हणतात तिनं मुद्दाम केलं. जिवाला कंटाळली होती म्हणतात. तिची मावशी म्हणते, तुला दिसलं कसं नाही, तू आई ना? भाऊ, घरातली शेगडी बंद केली का, हे ती तीनदा बघायची. अशी मुलगी स्वतः कळ दाबेल?"

मी टेबलावरची किल्ली बघत होतो.

"तुम्ही बघितलंत ना? मग दाबली असेल," ती म्हणाली. "तुम्ही खोटं नाही सांगणार."

मग तिनं पिशवीतून तपकिरी स्वेटर काढला. धुतलेला, घडी घातलेला. "हा तिच्या अंगावर होता. पुरुषाचा आहे. तुमचाच असणार."

मी उठून तो खिळ्याला टांगला. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

८

तपासनीस आणि साहेब बोलत बोलत आले. तपासनीसानं बोर्ड बघितला. "आत कोण आहे?"

"कुणी नाही," साहेब म्हणाले. "बोर्ड बिघडलाय. काका, किल्ली फिरवा."

किल्ली माझ्या हातात होती. अर्धं वळण. खोली रिकामी आहे. मग वायू.

"आधी आत बघून येतो," मी म्हणालो.

"सकाळी बघितलंय ना?"

"नियम आहे, साहेब."

तपासनीस म्हणाला, "बरोबर आहे, नियम आहे." आणि मी कार्ड लावलं. जाताना खिळ्याकडे हात गेला, सवयीनं. खिळा रिकामा होता. मी वळून बाकाकडे बघितलं. आईच्या मांडीवर पिशवी होती, चपटी. ती कागदच वाचत होती.

ठक्. स्स. ठप.

आत मी पहिल्या रांगेतून गेलो, दुसऱ्या रांगेतून परतलो. थंडी हाडात शिरत होती. तिसऱ्या रांगेच्या टोकाला गाडा उभा होता. तो तिथे ठेवत नाहीत. मी स्वतःला सांगितलं, कुणीतरी विसरला असेल. मी स्वतःला सांगितलं, थंडीनं डोळ्यांत पाणी आलंय. कारण गाड्याच्या पलीकडे, दोन यंत्रांच्या फटीत, एक कोपर दिसत होतं. तपकिरी. हिरवं ठिगळ. कुणीतरी वाकून तारा जोडत असावं तसं ते हलत होतं, आपल्या कामात, कानांवर झाकणं असलेल्या माणसासारखं. घंटा ऐकू न येणाऱ्या माणसासारखं.

मी पुढे गेलो नाही. पाय उचलला नाही म्हणा, धीर झाला नाही म्हणा. तिथूनच म्हणालो, "पोरी, मी मोजलं नाही गं."

कोपर थांबलं.

९

बाहेर आलो तेव्हा साहेबांनी किल्लीकडे बोट दाखवलं. "झालं समाधान? फिरवा."

"आत एक आहे," मी म्हणालो.

"काका थकलेत," साहेब तपासनीसाला म्हणाले. "थांबा, मीच फिरवतो."

मी किल्लीवर हात ठेवला. माझा हात म्हातारा होता, पण जड होता. आणि मी बोललो. मला सलग बोलायची सवय नाही, मध्येमध्ये अडत होतो. माल-दार सांगितलं. बटण सांगितलं. फोन, चमचा, बोर्डवरचं शून्य, माझं हायसं वाटणं, सत्तावीस, वहीतली कोरी ओळ. कागद कुणी केला आणि सही कुणी केली ते सांगितलं. "तिनं कळ दाबली नाही. तिनं मला एक धरा म्हणून सांगितलं होतं. मी धरला म्हणालो होतो."

हे मी बाकाकडे न बघता सांगितलं. बघवलं नाही.

तपासनीस म्हणाला, "वही आहे म्हणालात ती द्या." मी दिली. त्यानं ती कोरी ओळ बघितली, वरची बघितली, खालची बघितली. साहेब हळू आवाजात त्याला काहीतरी समजावू लागले.

पुढचं कागदावर आहे. चौकशी झाली, माझी नोकरी गेली, मला जी शिक्षा झाली ती मी भोगली, साहेबांची त्यांनी. माल-दाराला मोजणी बसली म्हणतात. आईनं मला नंतर काय म्हटलं ते मी कुणाला सांगणार नाही, ते माझं आहे.

पण त्या दुपारचं एवढं राहिलंय.

मी मान खाली घालून बसलो होतो. ते दोघं वहीवर वाकून वाद घालत होते.

ठप. मग स्स. मग ठक्.

उलटा. बाहेर येण्याचा. ते दोघं बोलतच राहिले.

टेबलाजवळून पावलं गेली. माझ्या हातावर गार हवा आली. मला वाटलं, आई उठली. ऐकलं आणि उठली, साहजिक आहे. मी डोळे वर केले तेव्हा ती पाठमोरी, लांब व्हरांड्यातून चालली होती. ठेंगणी, मान डावीकडे. अंगात तपकिरी स्वेटर. मनात आलं, बरं झालं, घेतला. तिच्या लेकीचाच होता तो. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या.

तेवढ्यात डावीकडे कुणीतरी नाक ओढलं.

आई बाकावर बसली होती. पिशवीवर दोन्ही हात, मान खाली.

मी बोर्ड बघितला. शून्य. मी पेन उचललं, वही तपासनीसाकडे होती तरी उचललं. आणि वाट बघितली. त्या वहीत तिनं म्हटल्याशिवाय मी कधी शून्य लिहिलं नव्हतं.

कोपऱ्यावर ती थांबली. बाही वर सरकवली. हिरवं ठिगळ दिसलं.

मग वळली आणि गेली. काही बोलली नाही.